वाक्य संपवायचं कसं? ‘उकिगुमो’चं प्रकरण

जपानी शिकायला बसलेल्या मराठी माणसाला सगळ्यात जास्त त्रास कांजी, म्हणजे चिनीतून आलेली चित्राक्षरं, देते, असं आपण धरून चालतो. मला ते पटत नाही. कांजी घोकून घोकून डोक्यात बसते. खरी अडचण वाक्याच्या शेपटाशी येते. ‘हे पुस्तक आहे’ एवढंच सांगायचं, तर मित्राला ‘होन दा’, अनोळखी माणसाला ‘होन देसु’, दुकानात गिऱ्हाइकाला ‘होन दे गोझाइमासु’, आणि निबंधात ‘होन दे आरु’. मराठीत आदर ज्याच्याविषयी बोलतो त्याला लागतो : बंडू आला, बाबा आले. ऐकणारा कोण आहे यावरून ‘आला’चं ‘आले’ होत नाही. जपानीत मात्र वाक्य निर्जीव पुस्तकाबद्दल असलं, तरी त्याचा शेवट समोरच्याकडे बघून ठरतो.

मग कादंबरी लिहिणाऱ्याने काय करायचं? त्याच्यासमोर कोण बसलंय? थोरला, धाकटा, मित्र की गिऱ्हाईक?

१८८६-८७ साली तोक्योमध्ये ‘उकिगुमो’ ही कादंबरी लिहायला बसलेल्या एका तरुणाला हा प्रश्न अक्षरशः आडवा आला. त्याने जे उत्तर काढलं त्याच्यावर आजचं जपानी गद्य उभं आहे. जपानी भाषेच्या आधुनिकीकरणाचा इतिहास शाळा, आयोग, कायदे यांच्या अंगाने सांगता येतो, आणि तो खोटाही नाही. पण भाषा बदलते म्हणजे नेमकं काय होतं, हे बघायचं असेल तर एका माणसाच्या एका हस्तलिखिताजवळ जावं लागतं.

माणूस

हासेगावा तात्सुनोसुके हे त्याचं खरं नाव. जन्म १८६४, एदो शहरात, म्हणजे आजच्या तोक्योत, ओवारी संस्थानाच्या सामुराई घराण्यात. तो चार वर्षांचा असताना शोगुनशाही, म्हणजे लष्करी सरदारांची राजवट, संपली, सातव्या वर्षी संस्थानं खालसा झाली, आणि १८७६ मध्ये तलवार लावून हिंडायलाही बंदी आली. पिढीजात तनखे गेले. सामुराईंच्या मुलांपुढे मोठा रस्ता एकच उरला : शिका आणि सरकारी नोकरी धरा.

याला सैन्यात जायचं होतं. लष्करी शाळेच्या प्रवेशात तो तीनदा नापास झाला. १८७५ मध्ये रशियाबरोबर साखालिन बेटाचा तह झाला होता. उद्याचा धोका रशियाकडूनच आहे अशी त्याची खात्री होती. शत्रूची भाषा यायला हवी म्हणून १८८१ मध्ये त्याने तोक्योच्या परदेशी भाषा शाळेत रशियन घेतली. तिथे एक शिक्षक वर्गात रशियन कादंबऱ्या मोठ्याने वाचून दाखवत. गोडी लागायला तेवढंच पुरलं. शत्रू राहिला बाजूला, आणि पोरगा तुर्गेनेव्ह, गोंचारोव्ह, दोस्तोयेव्हस्की यांच्यात बुडाला.

पुढे ही शाळा व्यापारी शाळेत विलीन केली, तेव्हा १८८६ च्या जानेवारीत, पदवी तोंडावर आलेली असताना, त्याने ती सोडली. त्याच महिन्यात तो त्सुबोउची शोयोच्या घरी गेला. शोयो त्याच्याहून पाच वर्षांनी मोठा, विद्यापीठाचा पदवीधर. कादंबरीने सज्जनाला बक्षीस आणि दुर्जनाला शिक्षा वाटत बसू नये, माणसाच्या मनात काय चालतं ते दाखवावं, असं सांगणारा त्याचा ‘शोसेत्सु शिन्झुई’ हा ग्रंथ नुकताच हप्त्याहप्त्याने येत होता. तात्सुनोसुके तो वाचून शंका घेऊन आला होता. दोघांची दोस्ती जन्मभर टिकली.

अडलेलं वाक्य

मन दाखवायचं, हे ठरलं. पण कोणत्या भाषेत? शोयोच्या ग्रंथात याचं धड उत्तर नव्हतं. त्याने ग्रांथिक आणि बोली यांची मिसळ सुचवली होती, म्हणजे निवेदन एका भाषेत आणि संवाद दुसऱ्या.

तेव्हा लिहिणं आणि बोलणं ही दोन वेगळी गावं होती. विद्वान चिनी वळणाची, कांजींनी गच्च भरलेली भाषा लिहीत. काव्यात्म गद्य शेकडो वर्षांपूर्वीच्या दरबारी भाषेत चाले. पत्रांचं तर स्वतंत्रच राज्य : जवळजवळ प्रत्येक वाक्याला ‘सोरो’ लावायचं. आपल्याकडच्या जुन्या पत्रांतलं ‘साष्टांग नमस्कार विनंती विशेष’ आठवा, आणि ते फक्त मायन्यात न राहता ओळीओळीला येतंय अशी कल्पना करा. वाक्यांचे शेवट ‘नारी’, ‘बेशी’, ‘केरी’ असे असत. घरात, बाजारात, कचेरीत असं कोणी बोलत नसे.

नुसत्या भूतकाळाला जुन्या भाषेत सहा प्रत्यय होते : की, केरी, त्सु, नु, तारी, री. प्रत्येकाची छटा वेगळी. स्वतः पाहिलेलं एक, ऐकीव किंवा ‘अरे, असं होतं तर’ असं उशिरा उमगलेलं दुसरं, संपून गेलेलं तिसरं. बोलीत मात्र सगळ्यांच्या जागी एकटा ‘ता’ उरला होता. बोलीत लिहायचं म्हणजे ही सगळी श्रीमंती सोडून ‘ता’वर संसार करायचा. विरोध करणारे सगळे काही जुनाट डोक्याचे नव्हते. त्यांना समोर खरंखुरं नुकसान दिसत होतं.

बोली आणि लेखन एक करावं ही मागणी मात्र नवी नव्हती. माएजिमा हिसोकाने १८६६ मध्येच शोगुनला कांजी बंद करण्याचा अर्ज दिला होता. १८८६ मध्ये मोझुमे ताकामीने याच विषयावर पुस्तक काढलं आणि त्याचं नावच ‘गेनबुन इच्ची’ ठेवलं. गेन म्हणजे बोलणं, बुन म्हणजे लेखन, इच्ची म्हणजे एकरूप होणं. घोषणा तयार होती, पण त्या घोषणेबरहुकूम मन उलगडणारी कादंबरी कोणी लिहून दाखवली नव्हती.

वीस वर्षांनी, १९०६ मध्ये, तात्सुनोसुकेने स्वतः यावर एक छोटा लेख लिहिला. मला तो या सगळ्या विषयावरचा सर्वांत मोलाचा कागद वाटतो. सुरुवातीलाच तो सांगतो की माझा मोठा अभ्यास वगैरे काही नाही, मी एक कबुलीच देतो : मला ग्रांथिक गद्य लिहिता येत नव्हतं, म्हणून हे सुरू झालं. लिहायचं तर होतं, पण काही जमेना. तो शोयोकडे गेला आणि काय करू म्हणून विचारलं. शोयो म्हणाला, एन्चोच्या कथा माहीत आहेत ना? तो सांगतो तसं लिहून बघ.

एन्चोचा आवाज

सानयुतेई एन्चो हा राकुगोचा, म्हणजे बैठ्या कथाकथनाचा, त्या काळचा सगळ्यात मोठा कलावंत. उशीवर बसून, हातात पंखा घेऊन, एकटा माणूस सगळी पात्रं उभी करतो. त्याची ‘बोतान दोरो’ ही भुताची कथा घराघरांत ठाऊक होती. रात्री कंदील धरून प्रियकराच्या दाराशी येणारी मेलेली मुलगी आणि तिच्या लाकडी खडावांचा ‘कारान कोरोन’ आवाज.

ही कथा शोयोच्या सल्ल्यापर्यंत पोचली ती एका तंत्रामुळे. ताकुसारी कोकी याने १८८२ मध्ये जपानी लघुलिपी तयार केली. तिच्यात तयार झालेल्या लघुलेखकांनी एन्चोसमोर बसून ही कथा बोलली तशी उतरवली आणि १८८४ मध्ये छापली. बोललेली जपानी, एवढ्या लांबीची, शब्दशः कागदावर! लोकांनी ती घेऊन वाचली, आणि बोली छापता येते हे एका भुताच्या गोष्टीने सिद्ध केलं. सिद्धांत मांडणाऱ्यांच्या नावांपुढे लघुलेखकांची नावं इतिहासात बारीक होत गेली. मला ते अन्यायाचं वाटतं.

तात्सुनोसुकेने सांगितलं तसं केलं. तो पुढे लिहितो की मी तोक्योचा, त्यामुळे अर्थातच ते तोक्योच्या बोलीत उतरलं. हस्तलिखित शोयोला नेऊन दिलं. शोयोने ते नीट वाचलं, एकदम मांडीवर थाप मारली आणि म्हणाला : झालं, असंच राहू दे, उगाच दुरुस्त्या करत बसू नकोस. लेखकाला जरा धास्तीच वाटली. पण गुरुस्थानी असलेला माणूस चांगलं म्हणतोय तर नाही कशाला म्हणा, शिवाय आतून थोडा आनंदही झाला होता, असं तो प्रामाणिकपणे लिहितो.

पण एन्चोचा सल्ला खरा अवघड प्रश्न सोडवत नव्हता, उलट तो उघडा पाडत होता. एन्चोसमोर माणसं बसलेली असत. तो त्यांच्याशी अदबीने बोले, ‘दे गोझाइमासु’च्या वळणाने. कादंबरीसमोर कोण बसलंय?

‘दा’ की ‘देसु’

‘मी... आहे जी’ अशा अदबीच्या सुरात लिहावं, की ‘मला नाही आवडत’ अशा रोखठोक? शोयोचं मत पडलं की अदब नको. लेखकाला ते पूर्ण पटलं नव्हतं, पण त्याने ‘दा’ धरला. बोलीत ‘दा’ हा मित्राला, धाकट्याला, किंवा स्वतःशी पुटपुटताना वापरायचा शेवट. वाचकांत थोरामोठ्यांचाही समावेश, म्हणजे हा उद्धटपणाच होता. पण ‘स्वतःशी पुटपुटताना’ या एका वापरात पुढचं सगळं दडलं होतं. ज्या वाक्याला ऐकणारा नाही, तेच वाक्य माणसाच्या डोक्यात शिरू शकतं.

याच सुमाराला यामादा बिम्यो नावाचा आणखी एक तरुण बोलीत कथा लिहीत होता, आणि त्याने ‘देसु’ घेतला. दोघांनी ठरवून काही केलं नव्हतं. नंतर कळलं ते असं : बिम्योने आधी ‘दा’ करून पाहिला, जमेना म्हणून ‘देसु’वर आला. इकडे याने आधी ‘देसु’ मनात धरला होता आणि शेवटी ‘दा’वर आला. दोन माणसं एकाच पुलावरून विरुद्ध दिशांनी गेली. हा तपशील तो त्याच लेखात देतो. ‘दा’ नैसर्गिक होता, म्हणून आपोआप जिंकला, असं जे सांगतात त्यांनी तो वाचावा. तेव्हा काहीच नैसर्गिक नव्हतं.

आणखी एक नियम त्याने स्वतःला घालून घेतला होता : जो चिनी शब्द जपानी होऊन गेलेला नाही तो वापरायचा नाही. भाषेला थोडी साहित्यिक झिलई दे, असं शोयोने सुचवलं, ते त्याला रुचलं नाही. त्याऐवजी तो शिकितेई सान्बाच्या जुन्या विनोदी पुस्तकांतली फुकागावा भागातली बोली धुंडाळत बसे. तिच्यातले फटकळ, चटकदार वाक्प्रचार त्याला काव्यमय वाटत.

पुस्तकाच्या आत

‘उकिगुमो’, म्हणजे तरंगते ढग, याचा पहिला भाग जून १८८७ मध्ये आला, दुसरा फेब्रुवारी १८८८ मध्ये, तिसरा १८८९ मध्ये मासिकातून. पहिल्या भागावर नाव होतं त्सुबोउचीचं, कारण नवख्याचं पुस्तक कोण घेणार? दुसऱ्याच्या नावावर विकलं जाण्याची त्याला इतकी लाज वाटली की ‘कुताबात्ते शिमे’, म्हणजे ‘मर जा मेल्या’, असं तो स्वतःलाच ओरडला. त्यातूनच फुताबातेई शिमेई हे टोपणनाव निघालं.

पहिलं पान बघा. ऑक्टोबरच्या अठ्ठावीस तारखेची दुपार, तीनचा सुमार, तोक्योतल्या कान्दा भागातला दरवाजा. कचेऱ्या सुटल्या आहेत आणि कारकुनांचे लोंढे बाहेर पडताहेत. लेखक सुरुवात करतो मिशांपासून. उसळलेली नेपोलियन दाढी, पाळीव कुत्र्याच्या थोबाडासारखी बिस्मार्क मिशी, कोंबड्याची मिशी, आहे की नाही कळू न देणारी भास-मिशी. मग कपडे : मोठ्या दुकानातून शिवून घेतलेला काळा पोशाख, खाली फ्रेंच कातड्याचे बूट. वीस वर्षांपूर्वी कमरेच्या तलवारीवरून दर्जा कळे. आता तो ओठावरच्या केसांवरून कळू लागला, हे त्या एका यादीत आलं आहे. भाषा मात्र अजून जुन्या विनोदी पुस्तकांसारखी नाचते. कोणीतरी रस्त्याच्या कडेला उभं राहून लोकांना गंमत सांगतंय असं वाटतं.

त्या लोंढ्यात उत्सुमी बुन्झो आहे. शिझुओकाच्या, शोगुनच्या पदरी असलेल्या सामुराईचा मुलगा, हुशार, सरळ, अबोल. त्याला नुकतंच नोकरीवरून काढलं आहे, कारण वरिष्ठांची खुशामत त्याला जमत नाही. १८८५ मध्ये मंत्रिमंडळ पद्धत आली आणि पाठोपाठ कचेऱ्यांत कपात झाली, त्यामुळे वाचकांना हे दुःख ओळखीचं होतं. तो काकाकडे राहतो. काकू ओमासा आतापर्यंत त्याला जावई धरून होती, ती आता टोमणे मारायला लागते. चुलतबहीण ओसेई थोडं इंग्रजी शिकलेली, नव्या विचारांच्या गोष्टी करणारी, आणि वाऱ्याबरोबर फिरणारी. नोकरी टिकवलेला खुशमस्कऱ्या होंदा नोबोरु तिच्याभोवती घुटमळू लागतो.

ओसेईच्या तोंडी एक तक्रार आहे. मोलकरणीला माझं बोलणं समजत नाही, म्हणे माझ्या बोलण्यात चिनी शब्द मिसळलेले असतात. एका घरात, एका छपराखाली, शिकलेल्या मुलीची भाषा मोलकरणीला कळत नाही. भाषेवरचा अख्खा वाद त्याने एका पोरीच्या फुशारकीत बसवला आहे.

आणि आता तिसरा भाग. बुन्झो खोलीत उताणा पडून आढ्याकडे बघतोय. लाकडाच्या रेषा पाणी वाहून गेल्याच्या खुणांसारख्या दिसतात. ‘ऑप्टिकल इल्युजन’ हे शब्द डोक्यात येतात. त्यावरून शाळेतला विज्ञानाचा परदेशी मास्तर आणि त्याची दाढी. आणि मग पुन्हा ओसेई, जिचा विचार टाळण्यासाठी तो आढं बघत होता. रस्त्यावरचा तो गंमत सांगणारा निवेदक कुठेतरी विरून गेला आहे. वाक्यं आता कोणालाही उद्देशून नाहीत. लेखकाने पुढे स्वतःच सांगितलं की पहिला भाग सान्बा वगैरेंच्या नकलेवर लिहिला, दुसऱ्यात दोस्तोयेव्हस्की आणि गोंचारोव्ह डोक्यात होते, तिसरा निव्वळ दोस्तोयेव्हस्कीच्या मागे गेला. तीन भाग ओळीने वाचले की एक भाषा दोन वर्षांत कशी वाढली ते दिसतं.

आपल्याकडे हरी नारायण आपटेही १८६४ चेच. १८९० मध्ये त्यांनी ‘पण लक्षांत कोण घेतो?’ सुरू केली, तेव्हा यमू आपल्या घरच्या बोलीत थेट बोलू लागली. मराठी गद्याला संस्कृताळलेपणाशी आणि इंग्रजी वळणाशी झगडावं लागलं, पण क्रियापदाचा शेवट शोधायला लागला नाही. समवयस्क दोन लेखकांच्या वाट्याला आलेली कामं किती निराळी होती!

स्वल्पविराम मोजणारा अनुवादक

‘उकिगुमो’ चालू असतानाच, १८८८ मध्ये, फुताबातेईने तुर्गेनेव्हची एक छोटी कथा ‘आइबिकी’, म्हणजे चोरून भेट, या नावाने जपानीत आणली. त्याची पद्धत आज वेडेपणाची वाटेल. मूळ वाक्यात तीन स्वल्पविराम आणि एक पूर्णविराम असेल, तर अनुवादातही तितकेच हवेत. परक्या भाषेची लय विरामचिन्हांत असते, असा त्याचा विश्वास. पुढे त्याला हे कानाला खडबडीत वाटलं आणि १८९६ मध्ये त्याने तोच अनुवाद नव्याने करून छापला.

पण तरुणांच्या मनात शिरला तो पहिलाच. कथेची सुरुवात अशी : सप्टेंबरचा मध्य, निवेदक बर्चच्या जंगलात बसलेला, सकाळपासून झिमझिम, मध्येच कोमट ऊन. जपानी साहित्यात शरद म्हणजे लाल मेपल आणि चंद्र, हे हजार वर्षं ठरलेलं. पानं गाळणाऱ्या साध्या झाडांच्या रानाकडे कवी वळून बघत नसत. कुनिकिदा दोप्पोने १८९८ मध्ये तोक्योच्या पश्चिमेच्या मुसाशीनो भागावर लिहिलं, तेव्हा ‘आइबिकी’तले उतारे दिले आणि मान्य केलं की अशा रानाचं सौंदर्य मला या अनुवादाने दाखवलं. घराजवळचं रान त्याला रशियाच्या वाटेने दिसलं. भाषा नवी झाली की डोळे नवे होतात, ही गोष्ट इथे तारीखवार दाखवता येते.

पुढे

वाटचाल सरळ नव्हती. १८९० मध्ये मोरी ओगाईने जर्मनीतली अगदी आधुनिक प्रेमकथा देखण्या जुन्या भाषेत लिहिली. हिगुची इचियो या बाईने चोवीस वर्षांच्या आयुष्यात, १८९६ मध्ये मरेपर्यंत, तोक्योच्या गरीब वस्त्यांवर जुन्याच लयीत असं काही लिहिलं की ‘दा’वाल्यांनी मान खाली घालावी. बोलीचा विजय म्हणजे साहित्याचा विजय, असं म्हणणाऱ्याने इचियो वाचलेली नसते. त्याच वर्षी ओझाकी कोयोने आपल्या कादंबरीत ‘दे आरु’ चालवला. तो ना उद्धट, ना अदबीचा, आणि घरात कोणी बोलत नाही असा. लिखित ‘बोली’ने अखेर जो शेवट जवळ केला तो कोणाच्याच तोंडचा नव्हता, हे मला फार बोलकं वाटतं.

मग सरकार आलं. १९०२ मध्ये राष्ट्रभाषा समिती, १९०४ पासून सरकारी क्रमिक पुस्तकं, १९१६ मध्ये बोलीचं व्याकरण, आणि त्यात प्रमाण कोणतं, तर तोक्योच्या सुशिक्षितांचं बोलणं. ‘मी तोक्योचा, म्हणून तोक्योची बोली’ हे एका लेखकाचं साधं कारण होतं. ते नियम झाल्यावर दूर दक्षिणेच्या ओकिनावा बेटांवरच्या शाळांत घरची बोली बोलणाऱ्या पोरांच्या गळ्यात शिक्षा म्हणून लाकडी पाट्या अडकल्या. याचा दोष मी फुताबातेईला देत नाही. पण हे प्रकरण सांगताना त्या पाट्या वगळायच्या नाहीत.

सत्ता स्वतः सगळ्यांत शेवटी बदलली. १५ ऑगस्ट १९४५ ला सम्राटाने रेडिओवरून शरणागती सांगितली, ती इतक्या जुन्या ग्रांथिक भाषेत की पुष्कळ लोकांना नेमकं काय झालं ते कळलं नाही. पुढच्याच वर्षी संविधान आलं ते बोलीवरच्या गद्यात, कांजी आणि हिरागाना या रोजच्या अक्षरांत.

फुताबातेईला यातलं काहीच दिसलं नाही. तिसऱ्या भागानंतर तो आपल्या लेखनावर नाराज होता. त्याने सरकारी राजपत्राच्या कचेरीत अनुवादकाची नोकरी धरली आणि जवळजवळ सतरा वर्षं कादंबरी लिहिली नाही. रशियन शिकवलं, हार्बिन आणि पेकिंगला गेला, वर्तमानपत्रात काम केलं. १९०८ मध्ये बातमीदार म्हणून सेंट पीटर्सबर्गला पोचला, तिथे क्षयाने गाठलं, आणि परतीच्या वाटेवर १० मे १९०९ रोजी बंगालच्या उपसागरात बोटीवरच तो गेला. दहन सिंगापूरला झालं.

‘उकिगुमो’ अर्धीच राहिली असं बहुतेक जण मानतात. शेवटच्या पानावर ओसेई बाहेर गेली आहे. ती परतली की एकदा शेवटचं बोलून बघायचं, ऐकलं तर ठीक, नाही तर काकाचं घर कायमचं सोडायचं, असं बुन्झो ठरवतो आणि तूर्त वर आपल्या खोलीकडे जातो. शेवटचा शब्द आहे ‘मोदोत्ता’ : परतला. अदब नाही, समोर कोणी नाही, फक्त एक ‘ता’.